कळफलक शिकणाऱ्याच्या हाती द्या

विद्यार्थी मित्रहो, १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबवली. काही अटींवर थोडी जादा मुदत तिने देऊ केली, पण मुदत ती मुदतच. ‘विंडोज ११’ घ्यावी म्हटले तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. जुन्या संगणकांत तो नसतो. परिणाम असा, की पडदा चांगला, कळफलक चांगला, डिस्क चांगली, तरीही संगणक ‘जुना’ ठरतो. तुमच्या घरी किंवा शाळेच्या संगणक कक्षात असे एखादे यंत्र नक्की सापडेल.

अशा यंत्रांचे काय करायचे, या प्रश्नाचे एक चांगले उत्तर म्हणजे लिनक्स. ‘लिनक्स टाकून पाहा’ हा सल्ला तुम्ही कोणाकडून तरी ऐकलाही असेल. पण सल्ला देणे सोपे आणि मदत करणे अवघड असते. पुष्कळदा जाणकार मित्र येतो, खुर्चीवर बसतो, अर्धा तास भराभर कळा दाबतो आणि ‘झालं!’ म्हणून निघून जातो. ज्याचा संगणक, तो मागे उभा राहून नुसता पाहत असतो. दुसऱ्या दिवशी आवाज येईनासा झाला की त्याला काहीच सुचत नाही आणि आठवड्याभरात लिनक्स पुसले जाते.

या लेखात मला एक मत मांडायचे आहे. नवख्याला लिनक्स बसवून देणे ही खरी मदत नव्हे. त्याने ते स्वतः पाहावे, पारखावे आणि पटले तर स्वतःच्या हाताने बसवावे, आणि आपण शेजारी बसावे, ही खरी मदत होय. हे का, आणि कसे, ते आता पाहू.

लिनक्स म्हणजे काय?

संगणक सुरू केल्यावर कोणता प्रोग्राम केव्हा चालवायचा, स्मृतीची वाटणी कशी करायची, डिस्कवर कोठे लिहायचे, कळफलक व पडदा यांच्याशी कसे बोलायचे, ही व्यवस्था जी पाहते ती ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. लिनक्स हे खरे तर या गाभ्याचे नाव आहे.

१९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या ३८६ प्रोसेसरच्या संगणकासाठी हा गाभा लिहायला घेतला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याने एका चर्चागटात जाहीर केले, की आपण छंद म्हणून अशी एक प्रणाली लिहीत आहोत. तीत काय असावे, ते कळवा. १९९२ साली त्याने हा गाभा ‘जीपीएल’ या परवान्याखाली खुला केला. हा परवाना अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातून आला होता. प्रणालीला लागणारी इतर बरीच साधनेही त्या प्रकल्पात तयार झालेली होती. गाभा आणि साधने एकत्र आली आणि वापरता येईल अशी पूर्ण प्रणाली उभी राहिली.

या परवान्याने वापरणाऱ्याला चार गोष्टींची मोकळीक मिळते. प्रणाली हव्या त्या कामासाठी वापरणे, तिची रचना उघडून अभ्यासणे, तिच्यात बदल करणे आणि तिच्या प्रती इतरांना देणे. म्हणजे एकच पेन ड्राइव्ह वर्गातील ४० जणांत फिरवला तरी त्यात चोरी नाही. शाळेच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हे.

गाभा एकच असला, तरी त्याभोवती निरनिराळी साधने जोडून केलेले संच अनेक आहेत. त्यांना वितरणे म्हणतात. डेबियन १९९३ पासून आहे. उबुंटू २००४ साली आले आणि लिनक्स मिंट २००६ साली. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने २००७ साली ‘बॉस’ नावाचे भारतीय वितरण काढले. तुमच्या घरातील अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचाच गाभा असतो. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालत आला आहे. १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर उडालेल्या ‘इंजेन्युइटी’ या छोट्या हेलिकॉप्टरातही लिनक्सच होते. तेव्हा ‘हे फुकटचे, म्हणून कच्चे असणार’ ही शंका मनातून काढून टाका.

आधी पाहा : न बसवता चालवण्याची युक्ती

नवख्याची मुख्य भीती ही, की संगणक बिघडला तर? ही भीती रास्त आहे. तिला हसू नये. तिचे उत्तर लिनक्समध्येच आहे. बहुतेक वितरणे डिस्कवर न बसवता पेन ड्राइव्हवरून थेट चालवता येतात.

हे कसे शक्य होते? आपण असे समजू, की संगणकाची डिस्क म्हणजे तुमची वही, आणि रॅम ही स्मृती म्हणजे वर्गातील फळा. वहीत लिहिलेले टिकते. फळ्यावरचे तास संपला की पुसले जाते. पेन ड्राइव्ह येथे पाठ्यपुस्तकाचे काम करतो. संगणक त्यातून वाचतो आणि जे लिहायचे ते फळ्यावर, म्हणजे रॅममध्ये, लिहितो. तुम्ही पडद्याचा रंग बदललात, एखादे पत्र टंकलेत, तरी संगणक बंद करताच ते सारे पुसले जाते. वही जशीच्या तशी राहते. मात्र एक सावधगिरी हवी. या अवस्थेतही तुम्ही मुद्दाम डिस्क उघडून तिच्यातील फायली खोडल्या, तर त्या खोडल्या जातात. वहीला हात लावायचा नाही, एवढे पथ्य पाळले की झाले.

पेन ड्राइव्ह असा तयार करा. साधारण ८ गिगाबाईटचा, रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. त्यात आधी काही असेल तर ते पुसले जाणार आहे, हे नवख्याला आधीच सांगा. वितरणाच्या अधिकृत स्थळावरून त्याची फाइल उतरवून घ्या. लिनक्स मिंटची फाइल सुमारे ३ गिगाबाईटची असते. ही फाइल नेहमीसारखी नक्कल करून पेन ड्राइव्हवर टाकली तर उपयोग होत नाही. ती एका संपूर्ण डिस्कचा ठसा असते, आणि त्या ठशात संगणक सुरू करण्याचा भागही असतो. ठसा जसाच्या तसा उमटवण्यासाठी रूफस किंवा बलेना एचर यांसारखा प्रोग्राम वापरतात.

ठसा उमटवण्यापूर्वी एक सुंदर तपासणी करता येते. वितरणाचे कर्ते फाइलबरोबर ६४ चिन्हांची एक ओळखखूण देतात. ती ‘शा-२५६’ नावाच्या गणिती रीतीने काढलेली असते. तुम्ही उतरवलेल्या फाइलीची खूण आपल्या संगणकावर काढा आणि दोन्ही ताडून पाहा. ३ गिगाबाईटमध्ये एका बिटाचा जरी फरक पडला, तरी सगळी खूणच बदलून जाते. अशा शक्य खुणांची संख्या ७८ अंकी आहे! तेव्हा दोन्ही खुणा जुळल्या, तर फाइल अर्धवट उतरलेली नाही, याची खात्री बाळगायला हरकत नाही. पुष्कळ जाणकार ही पायरी ‘वेळ जातो’ म्हणून गाळतात. मला ते पटत नाही. वजन करण्यापूर्वी तराजूचा काटा शून्यावर आहे का, हे पाहायला आपण प्रयोगशाळेत शिकतो, ते काय उगीच?

आता पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू करा. संगणकाच्या मुख्य पटलावरील एका चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम कायमचा असतो. प्रणाली कोठून उचलायची, ते तो ठरवतो. त्याला ‘पेन ड्राइव्ह आधी पाहा’ असे सांगायचे असते. त्यासाठी सुरू होतानाच एफ-१२, एफ-२, एस्केप किंवा डिलीट यांपैकी एखादी कळ दाबावी लागते. कोणती, ते यंत्राच्या कंपनीवर अवलंबून असते. पहिल्या पाचदहा मिनिटांत जी गडबड होते, ती बहुधा येथेच. अशा वेळी मदतनिसाने कळफलक ओढून घेऊ नये. ‘पुन्हा सुरू कर, आणि या वेळी कळ जरा लवकर दाब,’ एवढेच म्हणावे.

मग पारखा : एक पान वहीत

प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालू झाली की ती नुसती पाहून ‘छान आहे’ म्हणू नका. प्रयोगवहीत लिहितो तशी नोंद करा. वाय-फाय लागते का? आवाज येतो का? पडद्याचा प्रकाश कमीजास्त होतो का? घरातील प्रिंटर ओळखला जातो का? कॅमेरा चालतो का? झाकण मिटून उघडल्यावर संगणक जागा होतो का? प्रत्येकापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहा.

मराठीची परीक्षा अवश्य घ्या. कळफलकांच्या यादीत इनस्क्रिप्ट मांडणी निवडा. तिच्यात बहुतेक स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने उजव्या हाताकडे असतात. ‘के’च्या कळीवर क आणि ‘डी’च्या कळीवर पाय मोडण्याची खूण असते. आता ‘दुसऱ्या बाळाचे डोळे’ असे टंकून पाहा. ‘दुसऱ्या’मधला र नीट उमटला आणि ळ जागेवर आला, तर मराठीचे काम झाले.

वेगाविषयी मात्र घाईने मत बनवू नका. पेन ड्राइव्हवरून वाचणे सावकाश होते, म्हणून प्रणालीही सुस्त वाटते. डिस्कवर बसवल्यावर ती अधिक चपळ होते. लिनक्स मिंटला किमान २ गिगाबाईट रॅम लागते, पण ४ असेल तर सुखाने काम होते. डिस्कवर निदान २० गिगाबाईट जागा हवी. फार जुन्या, ३२ बिटांच्या यंत्रांसाठी आता वितरणे थोडीच उरली आहेत, हेही आधी सांगून टाकावे.

आणि जे चालणार नाही, तेही प्रामाणिकपणे सांगावे. घरच्या दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल, आईचे काम फोटोशॉपवर असेल, किंवा बाबांची जुनी मराठी पत्रे युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेली असतील, तर अडचण येईल. पहिले दोन प्रोग्राम विंडोजवर चालतात तसे लिनक्सवर सरळ चालत नाहीत. जुन्या फाँटमधील पत्र तो फाँट नसेल तर निरर्थक चिन्हांसारखे दिसते. अशा घरात ‘सगळे पुसून लिनक्स टाका’ म्हणणारा मित्र प्रचारक असेल, मदतनीस नव्हे. पारखून झाल्यावर ‘नको’ म्हणण्याचा अधिकार नवख्याला आहे. प्रयोगाचे उत्तर आधीच ठरलेले असेल, तर तो प्रयोग कसला?

पटले तर बसवा

बसवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, संपूर्ण डिस्क पुसून लिनक्स बसवणे. दुसरा, विंडोजला तसेच ठेवून शेजारी लिनक्सला जागा देणे. दुसरा मार्ग म्हणजे शेताची वाटणी. बांध सरकवायचा आणि दोघांनी आपापल्या वाफ्यात नांदायचे. संगणक सुरू होताना ‘कोणाकडे जाऊ?’ असे विचारतो आणि आपण निवडतो.

बांध सरकवण्यापूर्वी तीन कामे करा.

पहिले, महत्त्वाच्या सर्व फायलींची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती तेथून उघडते का, ते पाहा. पाहिल्याशिवाय नक्कल घेतली असे समजू नये. घरातील लग्नाचे फोटो एकदा गेले की कोणतीही प्रणाली ते परत देत नाही.

दुसरे, विंडोजमध्ये बिटलॉकर हे कुलूप चालू आहे का, ते तपासा. सुरू होण्याच्या व्यवस्थेत बदल झाला की ते ४८ अंकी किल्ली मागू शकते. ती किल्ली आधीच कागदावर उतरवून ठेवा.

तिसरे, विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असले तर ‘बंद’ केलेली विंडोज पुरती बंद नसते, अर्धवट झोपलेली असते. तिच्या भागात दुसऱ्या प्रणालीने लिहिणे धोक्याचे ठरते.

लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा. वीज जाण्याचा भरवसा नसेल, त्या वेळी हे काम काढू नका. मग बसवण्याचा प्रोग्राम सुरू करा. तो भाषा, कळफलक, वेळ आणि डिस्कची वाटणी असे प्रश्न एकेक करून विचारतो. डिस्कचा प्रश्न आला की थांबा. पडद्यावर काय लिहिले आहे, ते नवख्याला मोठ्याने वाचू द्या. ‘कोणता भाग पुसला जाणार?’ असे विचारा. त्याने बरोबर सांगितले तरच पुढची कळ त्याला दाबू द्या. शेवटी संकेतशब्द विचारला जाईल. त्या वेळी मदतनिसाने मान वळवावी. संगणक त्याचा आहे, तर किल्लीही त्याचीच.

आज्ञा समजल्याशिवाय देऊ नये

पुढे कधी अडचण आली की कोणीतरी एक ओळ देतो आणि म्हणतो, ‘ही टाक, ठीक होईल.’ त्या ओळीच्या सुरुवातीला पुष्कळदा ‘सुडो’ हा शब्द असतो. त्याचा अर्थ असा, की ‘पुढील काम घरमालकाच्या अधिकाराने कर.’ मालकाच्या अधिकाराने प्रणाली दुरुस्त करता येते, तशी ती समूळ खोडताही येते. म्हणून मदतनिसांसाठी माझा एक नियम आहे. जी आज्ञा आपल्याला शब्दाशब्दाने समजावून सांगता येत नाही, ती दुसऱ्याच्या संगणकावर देऊ नये. आणि नवख्यासाठी त्याचीच दुसरी बाजू : ‘याचा अर्थ काय?’ असे विचारायला लाजू नये. ‘तुला नाही कळायचं’ असे उत्तर आले, तर ओळही घेऊ नये.

शिक्षकांच्या शंका

शिक्षक बंधुभगिनींनो, ‘मुलांच्या हाती हे दिले तर संगणक कक्ष बंद पडेल,’ असे तुम्ही म्हणाल. ही काळजी खरी आहे, कारण बिघडलेल्या यंत्राचा जाब तुम्हालाच द्यावा लागतो. पण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतही आम्ल असते. आपण ते कुलपात कायमचे ठेवत नाही. सौम्य आम्लापासून सुरुवात करतो आणि शेजारी उभे राहतो. कोपऱ्यात पडलेला एकच जुना संगणक ‘प्रयोगाचा’ म्हणून वेगळा काढा. त्याच्यात जपण्यासारखे काहीच नसू द्या. मग तो दहा वेळा बिघडला तरी दहा वेळा नव्याने बसवता येईल, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी काही शिकलेले असेल.

‘परीक्षेत तर विंडोजच विचारतात,’ ही दुसरी शंका. कार्यक्रमाच्या एका विशिष्ट खिडकीत कोणते बटन कोठे आहे, हे ज्ञान पाचसहा वर्षांत शिळे होते. फाइल म्हणजे काय, डिस्कची वाटणी म्हणजे काय, प्रोग्रामला अधिकार कसे मिळतात, हे ज्ञान कोणत्याही प्रणालीवर उपयोगी पडते. दोन प्रणाली पाहिलेल्या मुलाला दोन्हींत समान काय, हे आपोआप दिसू लागते. दोन भाषा जाणणाऱ्याला व्याकरण लवकर समजते, तसेच हे.

हे स्वप्नरंजन नाही. केरळने या शतकाच्या पहिल्या दशकातच आपल्या सरकारी शाळांत मुक्त प्रणाली आणली. तेथे शिक्षकांनाच प्रशिक्षण देऊन मार्गदर्शक बनवले गेले. २०१८ पासून तेथील शाळांत ‘लिटल काइट्स’ नावाची विद्यार्थ्यांची मंडळेही आहेत. शाळेला दरवेळी बाहेरच्या तंत्रज्ञाची वाट पाहावी लागू नये, ही त्यामागची दृष्टी मला महत्त्वाची वाटते.

शेवटी, मदतनिसांना

संथपणे मदत करणे कठीण असते. आपल्याला दोन मिनिटांत जमणारे काम दुसरा वीस मिनिटे करतो, ते पाहताना हात शिवशिवतात. तरी हात मांडीवरच ठेवा. त्या वीस मिनिटांत त्याला जे समजते, ते तुमच्या दोन मिनिटांनी मिळणार नाही. संगणक चालू झाला की नाही, यापेक्षा उद्या तो अडला तर त्याला स्वतः काही करता येईल का, यावरून आपल्या मदतीची किंमत ठरवा.

तेव्हा मित्रहो, या रविवारी एक पेन ड्राइव्ह तयार करा. मोठ्यांना विचारून घरातील एक संगणक त्यावरून सुरू करा, आणि पारखणीचे पान वहीत भरा. बसवायचे की नाही, ते नंतर ठरवता येईल. आणि तुमचे जमले, की वर्गातील एखाद्या मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या शेजारी जाऊन बसा. समोर बसू नका, शेजारी बसा.